बाबांचा मलेरिया उलटला. गोळी निकामी झाली की आणखी काही?

रामबागकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आरोग्याच्या धाग्यांवर मी एरवी वाचनमात्र असतो, पण आज अडलोय म्हणून लिहितो.

बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त गणित शिक्षक. दर पावसाळ्यात जोबटकडे एका वसतिगृहातल्या पोरांना शिकवायला पंधरा-वीस दिवस जाऊन राहतात. कितीही सांगा, ऐकत नाहीत. यंदा परत आले ते हुडहुडी घेऊनच. ऑगस्टच्या शेवटी रक्त तपासलं, व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विन दिलं, तीन दिवसांत ताप उतरला, आठवड्यात स्वारी सकाळी पोहे-जिलबी आणायला पायी.

आता नोव्हेंबर. गेल्या गुरुवारी पुन्हा तसाच थंडी वाजून ताप, एक दिवस सोडून पुन्हा. रिपोर्ट तोच, व्हायवॅक्स. मधल्या काळात इंदूर सोडून कुठेही गेलेले नाहीत.

शेजारचे काका म्हणाले, "क्लोरोक्विन आता चालत नाही, मलेरिया रेझिस्टंट झालाय, त्यांच्या अंगाला गोळीची सवय झाली. जोरदार इंजेक्शनं घ्या." आई तेव्हापासून घाबरलीय. माझे प्रश्न दोन. बाबांच्या शरीरात मलेरिया खरंच रेझिस्टंट झाला का? आणि हे जंतू रेझिस्टंट होतात म्हणजे नेमकं काय होतं? डोकं आहे का त्यांना?

सराफ्यातली_मावशी | रात्री ९:५८

काळजी घ्या. आमच्याकडे गुळवेलीचा काढा देतात, रोज सकाळी अनशापोटी. बाबांना नमस्कार सांगा, माझा भाऊ त्यांच्या हाताखाली शिकलेला असायचा बहुतेक. गणितात नापास झाला होता.

पाटणीपुरा_पंच | रात्री १०:०५

शेजारचे काका बरोबर बोलतायत भिया. सवयीचा भाग आहे. मी रोज सहा कप चहा घेतो, झोपेवर काडीचा परिणाम नाही. गोळीचंही तसंच. सारख्या खाल्ल्या की अंगाला लागू होत नाहीत. म्हणून मी डोकेदुखीलासुद्धा गोळी घेत नाही.

काचपट्टी | रात्री १०:३१

रामबागकर, एक सांगा. क्लोरोक्विनबरोबर दुसऱ्या गोळ्यांची एक पट्टी दिली होती का? प्रायमाक्विन, चौदा दिवसांची. ती पूर्ण झाली?

(ओळख: तीस वर्षं प्रयोगशाळेत मलेरियाच्या रक्ताच्या काचपट्ट्या (स्लाइड) पाहिल्यात, त्यातली अकरा झाबुआ आणि धारमध्ये. डॉक्टर नाही. औषधाची मात्रा विचारू नका, सांगणार नाही.)

रामबागकर | रात्री ११:१०

ताई, आईला विचारलं. आधी "सगळ्या दिल्या" म्हणाली. मग देव्हाऱ्याखालच्या खणातून पट्टी निघाली. चौदापैकी पाच खाल्लेल्या, नऊ शिल्लक. बाबांना त्या गोळीने मळमळ व्हायची, ताप तर गेलेलाच होता, आणि तेवढ्यात गौरी-गणपती आले. राहून गेलं.

काचपट्टी | मंगळवार, सकाळी ७:१५

मग तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या खणातच आहे. हा रेझिस्टन्स असण्याची शक्यता फार कमी. हा उलटलेला ताप दिसतोय.

व्हायवॅक्सची एक खोड आहे, ती मलेरियाच्या दुसऱ्या मोठ्या प्रकाराला, फाल्सिपेरमला, नाही. डास चावला की मलेरियाचे जंतू, म्हणजे परजीवी, आधी यकृतात जातात. बहुतेक तिथे वाढून रक्तात उतरतात, पण व्हायवॅक्सचे काही यकृतातच झोपून राहतात. आठवडे, महिने, कधी त्याहून जास्त. क्लोरोक्विन रक्तातल्यांना मारतं, या झोपलेल्यांना हातही लावत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन असतं आणि म्हणूनच ते चौदा दिवस द्यावं लागतं. ताप क्लोरोक्विनने जातो, प्रायमाक्विन घेऊन रुग्णाला काही वेगळं जाणवत नाही, उलट मळमळतं. म्हणून पट्टी अर्धी राहते. झाबुआत मी हे शेकडो घरांत पाहिलंय, देव्हाऱ्याखालचा खण तर ठरलेला. आईंना बोल लावू नका.

अंदाज बांधायला आणखी एक खूण आहे, दिवसांची. क्लोरोक्विनच चाललं नसतं तर ताप उतरला नसता, किंवा उतरून साधारण महिनाभरात परत आला असता. औषधाची परिणामकारकता तपासताना रुग्णावर २८ दिवस लक्ष ठेवतात ते यासाठीच. क्लोरोक्विन रक्तात हळूहळू विरतं, कित्येक आठवडे त्याचा थोडाफार अंश राहतो. तोवर यकृतातून कुणी जागं होऊन बाहेर आलं तरी मारलं जातं. अंश संपला की दार उघडं. तुमचे अडीच महिने या हिशेबात नीट बसतात. इंदुरात नवा डास चावला असेल तर? नुसती काचपट्टी पाहून ते वेगळं करता येत नाही, हेही सांगून ठेवते. पण पट्टीत नऊ गोळ्या शिल्लक असताना दुसरा संशयित शोधण्यात मला अर्थ वाटत नाही.

क्लोरोक्विनला न जुमानणारा व्हायवॅक्स जगात आहे. १९८९ मध्ये पापुआ न्यू गिनीतून त्याची पहिली नोंद झाली. आपल्याकडे मात्र व्हायवॅक्सवर आजही क्लोरोक्विनच देतात आणि ते चालतं.

मावशी, काढा खुशाल द्या. गोळीऐवजी नको, एवढंच.

दवाखान्यातून | सकाळी ८:०२

वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक भर घालतो. त्या उरलेल्या नऊ गोळ्या आज काढून परस्पर सुरू करू नका. प्रायमाक्विनआधी जी-सिक्स-पीडी नावाची तपासणी करून घ्या. काहींच्या शरीरात हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं आणि अशांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटतात. लघवी काळ्या चहासारखी झाली, धाप लागली, डोळे पिवळे दिसले की गोळी थांबवून थेट दवाखाना. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला ही गोळी देत नाहीत. मळमळीवर साधा उपाय, जेवणानंतर घ्यावी. उपाशीपोटी घेतली असणार.

रामबागकर | सकाळी ८:२०

अगदी. सकाळच्या चहाबरोबर द्यायची आई. आजच तपासणीला नेतो. आभार दोघांचे.

दुसरा प्रश्न मात्र उभाच आहे. बाबा पांघरुणातून विचारतायत, "ते डोक्याचं काय झालं?"

पाटणीपुरा_पंच | सकाळी ९:१२

माझ्या सवयीच्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

काचपट्टी | दुपारी २:४०

पंच, तुमच्यासाठीच जेवण लवकर उरकलं.

रेझिस्टन्स माणसाला होत नाही, परजीवीला होतो. चहाची सवय तुमच्या मेंदूला झाली, चहापत्तीला नाही. तुमच्या अंगातल्या परजीवीने माझ्या अंगात येताना तुमची सवय बरोबर आणली असं नसतं, त्याची जात मात्र येते. आयुष्यात क्लोरोक्विनची एकही गोळी न खाल्लेल्या दोन वर्षांच्या पोराला रेझिस्टंट फाल्सिपेरम होऊ शकतो. त्याला कसली सवय?

आणि परजीवीलाही सवय होत नाही. तो गोळी चाखून शिकत नाही. मास्तरांना पांघरुणात बरं वाटावं म्हणून आकडे देते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. फाल्सिपेरमच्या जोरदार तापात शंभरातली एक पेशी बाधित धरा, म्हणजे २५ हजार कोटी परजीवी. एका माणसात. दर ४८ तासांनी प्रत्येकाच्या पोटी सोळा ते चोवीस पिल्लं. प्रत्येक पिलाला जनुकांची नक्कल उतरवून द्यावी लागते आणि नक्कल करताना चूक होते. किती? एका अक्षरामागे साधारण १०० कोटी नकलांत एक. शाळेत इतका चांगला कारकून मिळत नाही. पण २५ हजार कोटींना १०० कोटींनी भागा. कुठलंही एक अक्षर घ्या, ते चुकलेले अडीचशे परजीवी त्या एका माणसात, एका पिढीत तयार. गोळी तोंडात जायच्या आधी.

बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक असतात. एखादीने गोळी कमी बाधते. गोळी नसेल तर या अडीचशेंना कोण विचारतो, बाकीच्या गर्दीत ते हरवतात. गोळी आली की गर्दी मरते आणि हे उरतात. शरीराची प्रतिकारशक्ती उरलेल्यांना पुष्कळदा निपटते. ती कमी पडली, किंवा गोळी अर्धवट घेतली आणि मधले-अधलेही जगले, की मैदान त्यांचं. मग डास यायचा आणि नेमके यांनाच उचलायचा. गोळीने चूक घडवली नाही, चूक करणाऱ्यांना रान मोकळं करून दिलं.

तेव्हा मास्तरांना सांगा, डोकं नाही. संख्या आहे.

शिप्राकाठचा_शेतकरी | दुपारी ३:३०

हे तर आमच्या शेतातलं निघालं. गव्हात गव्हासारखंच दिसणारं एक तण येतं, हिंदीत लोक त्याला गेहूं का मामा म्हणतात. १९९०च्या सुमारास हरियाणात ते आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक फवारूनही मरेना. वर्षानुवर्षं तेच औषध, त्यात कुणी अर्धी मात्रा मारायचं, कुणी पंप भराभर फिरवायचं. जे वाचलं त्याचंच बी पडलं, पुढल्या साली शेतभर तेच. तणाने काही अभ्यास केला नव्हता.

पाटणीपुरा_पंच | दुपारी ३:४४

ठीक आहे. चहाची उपमा मागे घेतो. सहा कप चालू राहतील.

पण एक कळलं नाही. ती 'चूक' झाल्यावर गोळी लागू का होत नाही? विष ते विष.

काचपट्टी | रात्री ९:०५

विष पोहोचायला तर हवं ना.

तांबड्या पेशीत बसलेला परजीवी हिमोग्लोबिन खातो. त्याच्या आत पचनाची एक पिशवी असते, तिथे. हिमोग्लोबिनमधलं प्रथिन त्याला हवं असतं, पण त्यातून सुटणारा लोहाचा भाग, हीम, त्याच्यासाठीच विषारी. मग तो त्या हीमचे खडे बांधून ठेवतो. स्लाइडवर परजीवीच्या पोटात काळपट तपकिरी ठिपके दिसतात ते हेच. रंगाशिवायही दिसतात. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हराँला परजीवी सापडला तो या काळ्या ठिपक्यांचा माग काढता काढताच.

क्लोरोक्विन त्या पिशवीत साचतं आणि खडे बांधू देत नाही. परजीवी स्वतःच्याच उष्ट्याने मरतो.

छप्पनचा_छोटू | रात्री ९:११

म्हणजे कचरागाडी बंद पाडली. इंदूरकराला याहून भयंकर मरण नाही.

काचपट्टी | रात्री ९:२६

अगदी हेच, आता पुढचं सोपं झालं. रेझिस्टंट परजीवीने नवी कचरागाडी आणलेली नाही. त्याच्या पिशवीच्या भिंतीत एक दार असतं, पीएफसीआरटी नावाचं प्रथिन. त्याच्या साखळीत ७६व्या जागी लायसीन नावाचा घटक असतो तिथे थ्रिओनीन आलं, आणि सोबत आजूबाजूचे आणखी काही बदल झाले, की त्या दारातून क्लोरोक्विनच बाहेर जाऊ लागतं. गाडी अडवणाराच हद्दीबाहेर. हे जनुक २००० साली नक्की झालं.

'सोबत आजूबाजूचे' हे शब्द महत्त्वाचे. एकट्या ७६व्या जागेने भागत नाही, बरेच बदल एकत्र जमावे लागतात. म्हणून क्लोरोक्विन बरीच वर्षं टिकलं. बायर या जर्मन कंपनीत ते १९३४ ला तयार झालं होतं, दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वाटलं गेलं, आणि थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर १९५७ च्या सुमारास फाल्सिपेरमपुढे पहिल्यांदा हरलं. दक्षिण अमेरिकेत कोलंबियात १९६०च्या आसपास, स्वतंत्रपणे. भारतात १९७३, आसामात कार्बी आंगलाँग. आफ्रिकेत १९७० चं दशक सरताना. आणि आफ्रिकेतल्या परजीवीचं जनुक वाचलं तर ते आग्नेय आशियातून गेलेलं निघालं. म्हणजे ही जात जगात मोजक्या ठिकाणी जन्मली आणि तिथून प्रवास करत पसरली. आपल्या ईशान्येत आग्नेय आशियाचा प्रकार सापडतो, उरलेल्या देशात बहुतांशी पापुआ न्यू गिनीशी जुळणारा.

याउलट पायरीमेथामीन, मलेरियाचंच दुसरं औषध. तिथे एका अक्षराच्या बदलाने काम सुरू होतं, मग एकेक बदल वर चढत जातो. ते औषध काही वर्षांतच ढिलं पडू लागलं.

वाचनमात्र_बहात्तर | रात्री ९:५०

वाचतेय. सगळं नेहमी त्या कंबोडियाच्या सीमेवरच का सुरू होतं? आफ्रिकेत तर कितीतरी जास्त मलेरिया आहे.

काचपट्टी | बुधवार, सकाळी ६:५०

हा प्रश्न मला रात्रीच पाहायला हवा होता, झोप चांगली लागली असती.

जास्त मलेरिया असलेल्या ठिकाणी नव्या जातीला वाढणं कठीण जातं, ऐकायला उलटं वाटतं तरी. तिथल्या मोठ्या माणसांत लहानपणापासून डास चावून चावून अर्धी प्रतिकारशक्ती आलेली असते. अंगात परजीवी असतो, ताप नसतो, गोळी कोणी घेत नाही. गोळी नाही म्हणजे निवडही नाही. शिवाय एका माणसात एकाच वेळी चार-पाच वाण असतात. डासाच्या पोटात परजीवींचं मीलन होतं आणि पत्ते पुन्हा पिसले जातात. महत्प्रयासाने जमलेला हात मोडतो. कंबोडियाच्या सीमेवर याच्या नेमकं उलट. मलेरिया कमी, त्यामुळे प्रतिकारशक्ती नाही. ज्याला चावला तो आजारी पडतो आणि औषध घेतो. वाण कमी असल्याने परजीवी आपल्याच भावंडांशी जुळतात, हात शाबूत राहतो. शिवाय तिथल्याच पैलिनच्या खाणींत रत्नं शोधायला येणारे मजूर, आज इथे, महिन्याने दुसऱ्या टोकाला.

त्यात एक मानवी करामत. १९५०-६०च्या दशकात मिठात औषध कालवून वाटायची कल्पना निघाली. ब्राझीलच्या मारिओ पिनॉटी यांची, हेतू उत्तम होता. गोळी कोणी विसरतं, मीठ कोण विसरेल? पैलिन भागातही औषधी मीठ वाटलं, पायरीमेथामीनचं आणि क्लोरोक्विनचं. आता विचार करा. कोणी किती मीठ खातो याचा नेम काय? पोर चिमूटभर खाणार, मजूर मूठभर. म्हणजे हजारो माणसांच्या रक्तात औषध कायम, पण बहुतेकांत अपुरं. मारायला कमी, निवडायला पुरेसं.

शिप्राकाठच्यांचा अर्धा पंप तो हाच.

गोळ्यांचा_हिशेब | सकाळी १०:१५

मी औषधविक्रीच्या धंद्यात बत्तीस वर्षं काढली, आता मुलगा बघतो. ताईंनी अर्ध्या मात्रेचं लिहिलं म्हणून हे सांगावंसं वाटलं.

एक काळ असा होता की आर्टेसुनेटच्या (मलेरियाचंच औषध, आर्टेमिसिनिनपासून बनलेलं) सुट्या गोळ्या काउंटरवर मिळायच्या. गिऱ्हाईक यायचं, "तीन दिवसांपासून ताप, ती जोरदारवाली दोन द्या." दोन घेतल्या की संध्याकाळपर्यंत ताप उतरलेला, तिसरी घ्यायला कोण येतो? मीही दिल्यात, खोटं कशाला बोलू. एकट्या आर्टेसुनेटच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या २००९ मध्ये देशात बंद केल्या. तेव्हा आम्ही कुरकुरलो होतो, चालणारा माल बंद केला म्हणून. आता फाल्सिपेरमला जोडगोळीच देतात.

बनावट मालाबद्दलही लोक बोलतात. त्यात एक गंमत आहे (गंमत कसली). ज्या नकली गोळीत नुसता खडू आहे तिने रोगी मरेल, पण रेझिस्टन्स वाढणार नाही. ज्या गोळीत थोडंसं खरं औषध घातलंय, तपासणीत रंग यावा म्हणून, ती जास्त वाईट. आग्नेय आशियात नकली आर्टेसुनेटच्या अशा पट्ट्या होलोग्रामसकट सापडल्या होत्या.

रामबागकर | सकाळी ११:००

जोडगोळी म्हणजे दोन औषधं एकत्र? एक चालत असताना दुसरं कशाला?

काचपट्टी | दुपारी १:२०

मास्तरांना विचारा. एका औषधाला चकवणारी चूक १०० कोटींत एक. दुसऱ्या, वेगळ्या तऱ्हेने मारणाऱ्या औषधाला चकवणारी चूकही १०० कोटींत एक. दोन्ही एकाच परजीवीत हव्यात, तर गुणाकार. एकावर अठरा शून्यं. एका रुग्णात २५ हजार कोटी, म्हणजे फार तर अकरा शून्यं. अख्ख्या तालुक्याचे रुग्ण गोळा केले तरी हिशेब जमत नाही. अट एकच, दोन्ही औषधं धड असली पाहिजेत. जोडीदार आधीच निकामी असेल तर ती जोडी फक्त वेष्टणावर.

आपल्याकडे हेच झालं. २०१० पासून देशभर फाल्सिपेरमला आर्टेसुनेट आणि जोडीला सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामीन देऊ लागले. ईशान्येत तो जोडीदारच ढिला पडलेला निघाला, म्हणून २०१३ पासून तिथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन ही जोडी. तीन दिवस, सहा मात्रा, आणि पोटात थोडं तेल-तूप किंवा दूध हवं, नाहीतर ल्युमेफँट्रिन अंगात नीट शोषलं जात नाही. इंदुरात तेल-तुपाची अडचण पडू नये.

दवाखान्यातून | दुपारी १:४१

सेव चालेल का असं एका रुग्णाने खरंच विचारलं होतं.

पाटणीपुरा_पंच | दुपारी १:५०

मग? चालते?

वाचनमात्र_बहात्तर | दुपारी ३:१५

आर्टेमिसिनिन ते चिनी औषध ना? तू योयो, नोबेल २०१५. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या जुन्या पोथीत वनस्पती गार पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, त्यावरून त्यांना सुचलं की उकळल्याने गुण जातो, म्हणून कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. १९७२ मध्ये शुद्ध द्रव्य हाती आलं. हे मला फार आवडतं. त्यालाही परजीवी पुरून उरलेत का?

काचपट्टी | रात्री ८:३०

पुरून उरले असं नाही म्हणणार. लपायला शिकले, म्हणजे 'शिकले' हा शब्द पुन्हा चुकला, पंचांनी पाहिलं नाही असं समजते.

इथे दाराबिराची भानगड नाही. रंगपंचमीची गेर आठवा. राजवाड्याकडून मिरवणूक जाणार म्हणून दुकानदार काय करतात? शटर खाली, वर ताडपत्री, पाटी झाकलेली. रंगाच्या तोफा जोरदार, पण गेर काही तासांत पुढे जाते. मग ताडपत्री काढायची आणि दुकान चालू. आर्टेमिसिनिन ही गेर आहे. जबरदस्त, पण शरीरात काही तासच टिकतं. शिवाय ते पेटतं हीममधल्या लोहाने, म्हणजे परजीवी जितकं हिमोग्लोबिन खातोय तितकं ते त्याला जाळतं. केल्च-१३ नावाच्या जनुकात बदल असलेला कोवळा परजीवी, स्लाइडवर अंगठीसारखा दिसतो तो, हिमोग्लोबिन कमी आत घेतो आणि वाढ थोपवून पडून राहतो. गेर गेली की उठतो.

म्हणून इथे रेझिस्टन्स म्हणजे 'गोळी चालत नाही' असं नसतं, 'गोळी सावकाश चालते' असं असतं. तिसऱ्या दिवशी स्लाइड कोरी हवी, तिच्यात अंगठ्या दिसतात. पश्चिम कंबोडियातून हे २००८-०९ मध्ये समोर आलं, पुन्हा तोच पैलिन. केल्च-१३ ची ओळख २०१४ ची. आणि इथे नोंद घ्या, आफ्रिकेत ही जात कंबोडियातून गेली नाही. रवांडा, युगांडा, एरिट्रिया इथे वेगवेगळे बदल तिथल्या तिथे जन्मलेत. वर आफ्रिकेला जड जातं असं मी लिहिलं, ते जड जातं, अशक्य नाही.

ताडपत्री काढल्यावर दारात वसुलीवाला उभा असतो तो जोडीदार औषधाचा. तो कामावर असेल तर रुग्ण आजही बरा होतो.

जुनं_इंदूर | रात्री ९:०२

अवांतर: गेर निघाली म्हणून. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारासाठी इंदूरची योजना करायला आले होते, अहवाल १९१८ चा. शहर झाडून घ्यावं म्हणून त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली आणि स्वतः एक दिवसाचे महाराजा झाले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलाथोरला उंदीर होता. आपल्या स्वच्छतेचं वेड जुनं आहे.

छप्पनचा_छोटू | रात्री ९:०६

आणि आमच्या कॉलनीत पाण्याच्या टाक्यांची झाकणं अजून गायब. गेडिसकाकांचा उंदीर परत आणा. (की ही कॉइल निकामी झालेय? रात्रभर जाळतो, डास गाणी म्हणतात.)

काचपट्टी | रात्री ९:१५

कॉइलचा विषय वेगळा, तो डासाचा रेझिस्टन्स. तत्त्व तेच, प्राणी दुसरा. शहरी मलेरियाचा डास, ॲनोफिलिस स्टीफेन्साय, टाक्या-कूलरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, तेव्हा झाकण आधी, कॉइल नंतर. गाणी म्हणणारा बहुधा दुसऱ्या जातीचा, क्युलेक्स असावा.

शिप्राकाठचा_शेतकरी | गुरुवार, सकाळी ६:२०

ताई, आम्ही औषध दोन-तीन साल बंद ठेवतो, पीकही फिरवतो. कधी तण पुन्हा मरू लागतं. मलेरियात असं करता येत नाही का?

काचपट्टी | सकाळी ९:४०

मलावीने केलं. १९९३ मध्ये त्यांनी क्लोरोक्विन देशातून काढून टाकलं, कारण ते चालतच नव्हतं. हळूहळू रेझिस्टंट जात दिसेनाशी झाली. २००६ मध्ये मुलांवरच्या चाचणीचे निकाल आले, क्लोरोक्विन जवळजवळ सगळ्यांना पुन्हा लागू पडलं होतं. कारण ते बदललेलं दार फुकट मिळत नाही. दार बदलल्याने पचनाचं मूळ काम थोडं बिघडतं. औषध असेल तेव्हा ते दार वरदान, औषध गेलं की नुसतं लोढणं. मधल्या काळात जुने, धडधाकट परजीवी कोपऱ्यात उरलेले होते, त्यांनी मैदान परत घेतलं.

मग भारतात का नाही? हे मी झाबुआत रोज पाहिलंय. एकाच पाड्यावर, एकाच झोपडीत, एकाला व्हायवॅक्स, दुसऱ्याला फाल्सिपेरम, कधी एकाच स्लाइडवर दोन्ही. मलावीत जवळपास सगळा मलेरिया फाल्सिपेरमचा, क्लोरोक्विन पूर्ण बंद करता आलं. आपल्याला व्हायवॅक्ससाठी ते लागतंच. आपण फाल्सिपेरमसाठी ते बंद केलं, पण त्याच गावाच्या रक्तात ते फिरत राहतं, आणि फाल्सिपेरमला बदललेलं दार बाळगणं परवडत राहतं. तुमच्या शेतात एका तणासाठी फवारणी थांबवलीत आणि दुसऱ्यासाठी तीच चालू ठेवलीत, असं समजा.

गोळ्यांचा_हिशेब | सकाळी १०:३०

म्हणजे रिपोर्टवर व्हायवॅक्स की फाल्सिपेरम हे पाहिल्याशिवाय 'मलेरियाची गोळी' मागूच नये. आमच्याकडे अजून असे लोक येतात. मुलाला हा धागा वाचायला देतो.

रामबागकर | पुढील आठवडा, शुक्रवार, रात्री ८:१०

धागा वर आणतोय, क्षमस्व. जी-सिक्स-पीडी ठीक निघालं. डॉक्टरांनी क्लोरोक्विन पुन्हा दिलं आणि प्रायमाक्विन पहिल्यापासून, पूर्ण चौदा दिवस, जेवणानंतर. ताप दुसऱ्या दिवशीच गेला, मळमळ नाही. आईने दिनदर्शिकेवर लाल फुल्या मारायला घेतल्यात, आज नववी.

काचपट्टी ताई, बाबांचा निरोप आहे. शब्दशः लिहितो: "अडीचशे चूक. जनुकाची अक्षरं चार. एक अक्षर चुकलं तर ते उरलेल्या तीनपैकी कुठलंही होऊ शकतं, आणि आपल्याला हवी ती नेमकी एक चूक. म्हणून अडीचशेला तीनाने भागावं, सुमारे ८३. जोडगोळीत दोन्हीकडे तीन, म्हणजे अठरा शून्यांच्या आधी एकाऐवजी नऊ. बाईंचा युक्तिवाद उलट बळकट होतो, पण पायऱ्या दाखवायला हव्या होत्या."

काचपट्टी | रात्री ८:२२

मान्य, ८३. तीस वर्षांत माझी स्लाइड कोणी चुकीची काढली नव्हती, गणित आज निघालं.

सराफ्यातली_मावशी | रात्री ८:२५

आता आठवलं माझा भाऊ का नापास झाला ते.

रामबागकर | रात्री ८:४१

बाबा विचारतायत की जोबटच्या पोरांची सहामाही जवळ आलीय, रविवारी जाऊन आलो तर? आईने पट्टी समोर ठेवली. पाच शिल्लक आहेत.